शनीची दृष्टि आणि आमची दृष्टि

शके १९४६ चा अखेरचा आठवडा आमच्या ओळखीच्या बहुतेक घरीं एकाच विषयाच्या चर्चेंत गेला. २९ मार्च २०२५ रोजीं, ऐन फाल्गुनी अमावास्येस आणि तीहि शनिवारीं, शनिमहाराज कुंभ रास सोडून मीन राशीस येणार होते. दुसऱ्याच दिवशीं गुढीपाडवा. श्रीखंडाचा चक्का टांगावयाचा, गुढीची काठी धुवून ठेवावयाची, अशा गडबडींतहि वडील मंडळींनीं पंचांग उघडलें आणि घरांतील कोणाची साडेसाती सुटली व कोणास ती नव्यानें लागली याचा जमाखर्च मांडला. मकर राशीचीं माणसें सुटलीं. मेष राशीचीं सांपडलीं.

त्याच आठवड्यांत, २३ मार्च रोजीं, त्याच ग्रहाच्या बाबतींत दुसरीहि एक गोष्ट घडली. शनीच्या भोंवतीं जें विस्तीर्ण वलय आहे, त्याची धार त्या दिवशीं नेमकी पृथ्वीच्या रोखानें आली, आणि कागद धारेकडून पाहिला असतां जसा दिसेनासा होतो तसें तें वलय आपल्यापुरतें दिसेनासें झालें. असा योग चौदापंधरा वर्षांनीं एकदां येतो. शनि तेव्हां सूर्याच्या अगदीं सन्निध असल्यामुळें तो कोणास पाहतांहि आला नाहीं, आणि आमच्या घरांत त्याची वार्ताहि पोंचली नाहीं. एकाच ग्रहाच्या या दोन बातम्या. एक स्वयंपाकघरापर्यंत गेली, दुसरी उंबरठ्याबाहेरच राहिली. या दोन बातम्यांची एकमेकींशीं गांठ घालून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मावळांत शनीची पहिली ओळख होते ती आकाशांत नव्हे, तर मारुतीच्या देवळांत. वडगांव, कामशेत, मळवली, लोणावळा, असें घाटाच्या दिशेनें कोणत्याहि गांवीं उतरावें. शनिवारीं सायंकाळीं मारुतीच्या मूर्तीवर तेल पडलेलें असतें, गळ्यांत रुईच्या पानांची माळ असते, आणि पायाशीं काळ्या उडदांची व मिठाची चिमूट असते. वार शनीचा आणि पूजा मारुतीची, हें कसें, असें मुलांनीं विचारलें तर आज्या सांगतात कीं, रावणाच्या बंदींतून मारुतीनें शनीस सोडविलें, तेव्हां शनीनें त्यास वचन दिलें कीं, तुझ्या भक्तास मी पीडा देणार नाहीं. कोणी असेंहि सांगतात कीं, मारुतीनें त्यास असा कांहीं आवळला कीं त्याचें अंग ठणकूं लागलें, आणि तें तेल त्या ठणक्यावरचें औषध आहे. देवाचें अंगहि दुखतें आणि त्यासहि तेल लावावें लागतें, ही कल्पना आमच्या घरगुती धर्माला शोभेल अशीच आहे.

पुराणांनीं शनीचें जें कुटुंब वर्णिलें आहे तेंहि एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस परकें वाटणार नाहीं. सूर्याचें तेज सोसवेना म्हणून त्याची पत्नी संज्ञा आपली छाया घरांत ठेवून निघून गेली. छायेच्या पोटीं शनि झाला. यम हा संज्ञेचा, शनि हा छायेचा. म्हणजे दोघे सावत्र भाऊ. आईच्या नांवाप्रमाणें मुलाचा वर्ण सांवळा, आणि बापाशीं त्याचें पटलें नाहीं. ब्रह्मवैवर्त पुराणांत तर त्याच्या दृष्टीची कथा आहे. ध्यानांत मग्न असल्यामुळें त्यानें पत्नीकडे पाहिलें नाहीं; तिनें रागावून शाप दिला कीं, तूं ज्याच्याकडे पाहशील त्याचा नाश होईल. तेव्हांपासून तो खालीं मान घालून वावरतो. पार्वतीच्या बाळास पाहावयास सर्व देव आले, तेव्हां हा मान वर करीना. पार्वतीनें आग्रह केला, यानें डोळ्याच्या कोपऱ्यानें पाहिलें मात्र, आणि बाळाचें मस्तक गळून पडलें. गजाननाचें गजमस्तक तेथून आलें. ही कथा नीट ऐकली तर तींत शनीचा दोष फारसा नाहींच. ज्याच्या दृष्टीची आम्हांस भीति वाटते, त्यास स्वतःलाच आपल्या दृष्टीची अधिक भीति वाटते.

मराठी घरांत जें शनिमाहात्म्य वाचलें जातें त्यांतील विक्रम राजाची कथा तर सर्वांस पाठ आहे. उज्जयिनीच्या दरबारांत पंडित एकेका ग्रहाची थोरवी गात असतां शनीच्या जन्माची हकीकत निघाली आणि राजा हंसला. त्या हंसण्याची किंमत त्यानें साडेसात वर्षें मोजली. घोड्यानें त्यास अरण्यांत नेऊन टाकलें, परक्या नगरांत तो सावकाराच्या घरीं उतरला, भिंतीवरील चित्रांतल्या हंसानें मोत्यांचा हार गिळला आणि चोरीचा आळ राजावर आला. हातपाय तुटले, तेल्याच्या घाण्यावर बसून बैल हाकण्याची पाळी आली, आणि तेथें बसून त्यानें दीपराग गाइला तेव्हां नगरांतले दिवे आपोआप लागले. शेवटीं शनीनें सर्व परत दिलें. या कथेचें मर्म लक्षांत घेण्याजोगें आहे. राजास शासन झालें तें त्याच्या राशीमुळें झालें नाहीं, दुसऱ्याच्या व्यंगास हंसल्यामुळें झालें. माहात्म्य वाचणाऱ्या आमच्या आज्यांनीं हें मर्म जाणलें होतें. पुढें साडेसातीच्या हिशेबांत तें हरवलें.

आतां प्रश्न असा कीं, नवग्रहांत या एकाच ग्रहाला लंगडा, मंद, सांवळा आणि बापापासून दुरावलेला कां म्हटलें असावें? याचें उत्तर पुराणांत शोधण्यापेक्षां आकाशांत शोधलें तर अधिक लवकर सांपडतें. नुसत्या डोळ्यांस दिसणाऱ्या ग्रहांत शनि सूर्यापासून सर्वांत दूर. त्याचें अंतर पृथ्वीच्या अंतराच्या सुमारें साडेनऊपट. सूर्याचा पुत्र असून बापापासून सर्वांत लांब राहतो, हें म्हणूनच खरें आहे. दूर असल्यामुळें त्याचा प्रकाश फिका, पिवळसर. शुक्राचा झगझगाट किंवा मंगळाची लाली त्याच्या अंगीं नाहीं. आणि दूर असल्यामुळेंच त्याची चाल मंद. गुरु सुमारें वर्षांत एक रास चालतो, म्हणून बारा वर्षांनीं सिंहस्थ येतो. शनीला एका राशींतून जावयास अडीच वर्षें लागतात आणि बारा राशी फिरून यावयास साडेएकोणतीस. शनैश्चर या नांवाचा अर्थच मुळीं हळूहळू चालणारा. जो पाय ओढीत चालतो तो लंगडा, एवढेंच कथाकारानें पुढें नेलें.

ही मंद चाल आमच्या पूर्वजांनीं किती बारकाईनें मोजली होती हें पाहिलें म्हणजे थक्क व्हावयास होतें. सूर्यसिद्धांतांत एका महायुगाच्या ४३,२०,००० वर्षांत शनीच्या १,४६,५६८ प्रदक्षिणा सांगितल्या आहेत. त्यावरून भागाकार केला तर एक प्रदक्षिणा सुमारें १०,७६६ दिवसांची येते. आजचें मान सुमारें १०,७५९ दिवसांचें आहे. तीस वर्षांच्या फेरींत फरक एका आठवड्याहून अधिक नाहीं! दुर्बीण नाहीं, घड्याळ नाहीं. एकानें पाहून टिपावें, त्याच्या शिष्यानें पुढें पाहावें, शिष्याच्या शिष्यानें ताडून घ्यावें, असें पिढ्यान् पिढ्या केल्याखेरीज हा आंकडा हातीं येत नाहीं. माणसाच्या एका आयुष्यांत शनि दोनदां, फार तर तीनदां फिरून येतो. हा एकट्यादुकट्याचा उद्योग नव्हे.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर याचें एक ठळक उदाहरण आहे. कोंकण किनाऱ्यावरील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं शके १४४२ मध्यें, म्हणजे इ. स. १५२० मध्यें, ग्रहलाघव हा ग्रंथ रचला. पुढें कित्येक पिढ्या आमच्याकडील पंचांगें त्यावरून होत असत. या ग्रंथांत शनीचें स्थान देतांना त्यांनीं आर्यसिद्धांताच्या गणितांत पांच अंश मिळविण्यास सांगितलें आहे. याचा अर्थ असा कीं, पोथींतला शनि आणि आकाशांतला शनि यांत पांच अंशांचें अंतर पडल्याचें त्यांस आढळलें आणि त्यांनीं पोथी आकाशाप्रमाणें दुरुस्त केली. एक वेदशास्त्रसंपन्न ज्योतिषी रात्रीं अंगणांत उभा राहून शनीच्या डोळ्यास डोळा भिडवीत होता. त्याचें कांहीं वाईट झालें नाहीं, उलट त्याचें नांव पांचशें वर्षें राहिलें. दशरथानें रोहिणीचा गाडा भेदावयास निघालेल्या शनीस अडविल्याची जी पुराणकथा आहे, तिच्याविषयींहि गणेश दैवज्ञ शांतपणें सांगतात कीं, तसा भेद होणें तें दुसऱ्या एखाद्या युगांत. या युगांत शनीची वाट तेथवर जात नाहीं. भीतीच्या कथेला गणितानें दिलेलें हें उत्तर आहे, आणि तें उत्तर देणारा श्रद्धाळू ब्राह्मणच होता.

मग साडेसाती म्हणजे काय? जन्मराशीच्या मागची रास, जन्मरास आणि पुढची रास, या तीन राशींतून शनि जातो तो काळ. एकेका राशीस अडीच वर्षें, म्हणून तिन्ही मिळून साडेसात. आतां बारा राशींपैकीं तीन राशी केव्हांहि साडेसातींत असावयाच्याच. म्हणजे कोणत्याहि दिवशीं, कोणत्याहि गांवीं, सरासरीनें चारांतल्या एका माणसास साडेसाती चालू असते. वीस माणसांच्या एकत्र कुटुंबांत पांच जण सदोदित साडेसातींत! त्या पांचांत ज्याचें दुकान चाललें तोहि असतो आणि ज्याची नोकरी गेली तोहि असतो; जिला मुलगा झाला तीहि असते. तीस वर्षांत साडेसात वर्षें ज्यास भोगावी लागत नाहींत असा मनुष्य जन्मास आलेला नाहीं. जें सर्वांस येतें त्यास संकट म्हणावें कीं आयुष्याचा एक ऋतु म्हणावा, हें वाचकांनींच ठरवावें.

आणखी एक मौज आहे. राशिचक्राचा आरंभ कोठून धरावा याविषयीं आमच्या पंचांगकर्त्यांत जुना वाद आहे. केरूनाना छत्रे आणि लोकमान्य टिळक यांचा पक्ष रेवती ताऱ्यापासून धरणारा. व्यंकटेश बापूजी केतकर यांचा पक्ष चित्रा ताऱ्यावरून धरणारा. दोहोंत सुमारें चार अंशांचें अंतर. शनीच्या सरासरी चालीनें चार अंश म्हणजे चार महिने. तेव्हां टिळक पंचांग मानणाऱ्या घरांतली साडेसाती आणि चित्रापक्षीय पंचांग मानणाऱ्या शेजारच्या घरांतली साडेसाती एकाच दिवशीं लागत नाहीं. शनि मात्र दोन्ही घरांवरून एकाच चालीनें जातो.

हें सारें लिहिण्याचें निमित्त आमच्या नात्यांतील एका घरांत घडलें. लोणावळ्यास तुंगार्लीच्या बाजूला हें घर आहे. चार पिढ्या एकत्र नांदतात. घरच्या नातवाचें लग्न ठरत आलें होतें. मुलगी शिकलेली, उभयतांची पसंती झालेली, दोन्हीकडच्या मंडळींचें येणेंजाणें सुरू झालेलें. इतक्यांत नातवाची रास मेष असल्याचें आजींच्या ध्यानीं आलें. साडेसाती नुकतीच लागलेली. ती २०३२ सालीं सुटणार. “एवढी उतरूं द्या, मग बघूं,” असें आजी म्हणाल्या, आणि ऐंशी उलटलेल्या माणसाचा शब्द मोडावा कोणी? मुलीच्या घरीं काय कळवावें हा पेंच पडला. सात वर्षें कोणाची मुलगी थांबणार? नातू वाद घालीत नव्हता. तो जेवतांना बोलेनासा झाला होता एवढेंच. मुलाच्या आईनें दोन रात्रीं डोळ्यास डोळा लावला नव्हता. साडेसातीचा पहिला प्रताप म्हणावयाचा तर तो हाच. आणि तो शनीनें केला नव्हता.

मार्गशीर्ष वद्य पक्षांतल्या एका शनिवारीं आम्ही तेथें गेलों होतों. आमच्या एका स्नेह्यांनीं आपली चार इंची दुर्बीण बरोबर आणली होती. पाऊस सरून थंडी पडली होती, चंद्र उगवावयास मध्यरात्र व्हावयाची होती, आणि भाद्रपदा नक्षत्रांच्या चौकोनाखालीं, दक्षिणेकडे, शनि एकटाच स्थिरपणें तेवत होता. मुलांनीं आळीपाळीनें पाहून घेतलें. आजी देवळांतून तेल वाहून आल्या होत्या. शनि दाखवावयाचा आहे म्हणतांच त्यांनीं कानांवर हात ठेवले.

“त्याच्याकडे बघूं नये, असें सासूबाई सांगत असत.”

“आजी, तूं त्याला बघ. तो तुला बघत नाहीं. त्याची मान खालीं आहे, हें तूंच सांगितलेंस ना?” नातू म्हणाला.

आपल्याच कथेनें कोंडी झाल्यावर त्या खुर्चीवर बसल्या. बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. वलय त्या हिंवाळ्यांत जवळजवळ धारेवरच होतें. एका लहानशा पिवळट गोळ्यांतून दोन्ही बाजूंस गेलेली एक बारीक तेजस्वी रेघ, एवढेंच दिसत होतें.

“अगबाई,” त्या म्हणाल्या, “हा तर नथीच्या तारेंत ओंवलेला मोती!”

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं त्यांनीं आपण होऊन विषय काढला. “साडेसाती असायची तर असूं दे. एकट्यानें काढण्यापेक्षां दोघांनीं काढलेली बरी. मुलीच्या घरीं कळवा.” शनिवारचें तेल त्यांनीं सोडलें नाहीं, आणि तें सोडावें असें आम्हांस वाटलेंहि नाहीं. त्यांची श्रद्धा जेथें होती तेथेंच राहिली. तिच्यांतली भीति तेवढी निघून गेली.

आजींनीं जो मोती पाहिला, त्याचें खरें स्वरूप कळावयास युरोपांतील शास्त्रज्ञांस अडीचशें वर्षें लागलीं. १६१० सालीं गॅलिलिओनें आपल्या लहान दुर्बिणींतून शनि पाहिला, तेव्हां त्यास मधला एक मोठा गोळा आणि दोन्हीकडे दोन लहान गोळे दिसले. १६१२ सालीं पाहतो तों ते दोन्ही लहान गोळे नाहींसे! तेव्हांहि वलय धारेवर आलें होतें, पण हें त्यास ठाऊक असणें शक्य नव्हतें. पाश्चात्य पुराणांत शनि हा आपल्याच मुलांस गिळणारा देव आहे. त्या कथेप्रमाणें त्यानें मुलें गिळलीं कीं काय, असें गॅलिलिओनें लिहिलें. शास्त्रज्ञासहि अडचणीच्या वेळीं पुराण आठवलें, ही गोष्ट आमच्या आज्यांस हंसणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें हॉलंडमधील हायगेन्स यानें १६५५ सालीं शनीचा टायटन हा सर्वांत मोठा चंद्र शोधला आणि १६५९ सालीं जाहीर केलें कीं, शनीभोंवतीं त्यास कोठेंहि न चिकटलेलें एक पातळ, सपाट वलय आहे. १६७५ सालीं कॅसिनी यानें त्या वलयांत एक काळी फट दाखवून दिली.

हें वलय अखंड पत्र्यासारखें असेल काय? १८५९ सालीं मॅक्सवेल या गणितज्ञानें सिद्ध केलें कीं, तें अखंड असतें तर टिकलें नसतें; तें असंख्य सुट्या कणांचेंच असलें पाहिजे, आणि प्रत्येक कण आपापल्या परीनें शनीस प्रदक्षिणा घालीत असला पाहिजे. १८९५ सालीं कीलर यानें प्रकाशाचें पृथक्करण करून तें प्रत्यक्ष दाखविलें: आंतले कण वेगानें, बाहेरचे सावकाश. हे कण बहुतांशीं पाण्याच्या बर्फाचे आहेत. कांहीं धुळीएवढे, कांहीं घराएवढे. मुख्य वलयांचा व्यास सुमारें पावणेतीन लाख किलोमीटर, आणि जाडी बहुतेक ठिकाणीं दहाएक मीटर. हें प्रमाण मनांत भरावयाचें असेल तर असें करावें. पुण्यापासून लोणावळ्यापर्यंत आगगाडीचें अंतर ६४ किलोमीटर. एवढ्या व्यासाची एक चकती केली, तर शनीच्या वलयाच्या प्रमाणांत तिची जाडी अवघी दोन-अडीच मिलिमीटर भरेल. म्हणजे वडगांव मावळच्या संशोधन केंद्रांत तयार झालेल्या इंद्रायणी तांदळाच्या एका दाण्याएवढी. धारेकडून तें दिसेनासें झालें तर नवल काय!

ज्यास आपण लोखंडाचा स्वामी मानतों तो ग्रह स्वतः बहुतांशीं हायड्रोजन आणि हेलियम या हलक्या वायूंचा आहे. त्याचा व्यास पृथ्वीच्या नऊपटींहून अधिक आणि वजन सुमारें ९५ पट. तरी सरासरी घनता पाण्याहूनहि कमी. जेवढा भारी म्हणून भ्यावें, तेवढाच अंगानें हलका. प्रदक्षिणेला तीस वर्षें लावणारा हा मंद ग्रह स्वतःभोंवतीं मात्र साडेदहा तासांत गिरकी घेतो. मार्च २०२५ मध्यें आणखी १२८ उपग्रहांची नोंद झाली, तेव्हां त्याच्या ज्ञात चंद्रांची संख्या २७४ झाली. एवढें मोठें एकत्र कुटुंब सूर्यमालेंत दुसरें नाहीं. कॅसिनी नांवाचें यान २००४ पासून १५ सप्टेंबर २०१७ पर्यंत त्याच्या भोंवतीं फिरत होतें. एन्सेलॅडस या लहानशा चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळून पाण्याच्या वाफेचे आणि बर्फाचे फवारे उडत असल्याचें त्यानेंच शोधलें, आणि शेवटीं त्यास शनीच्याच वातावरणांत जाळून टाकण्यांत आलें, कारण त्या चंद्रांपैकीं एखाद्यावर जीवसृष्टीस जागा असेल तर ती आपल्या यानानें विटाळूं नये. सोंवळें पाळण्याचा याहून चांगला नमुना आम्हांस ठाऊक नाहीं.

हीं वलयें आमच्या ऋषींस ठाऊक होतीं, असें सिद्ध करूं पाहणारे लेख अधूनमधून वाचावयास मिळतात. नुसत्या डोळ्यांनीं तीं दिसत नाहींत, आणि जुन्या सिद्धांतग्रंथांत त्यांचें वर्णन नाहीं. पूर्वजांच्या अंगावर उसना दागिना घालण्याचें कारण काय? त्यांचा स्वतःचा दागिना तो १,४६,५६८ चा आंकडा आणि ते पांच अंश. ते पाहण्याचे कष्ट घेत होते. आपण त्यांचें पंचांग ठेवलें आणि त्यांचें पाहणें सोडून दिलें, ही खरी खंत आहे.

पाहण्याची सोय मावळांत अजून चांगली आहे. आषाढ-श्रावणांत लोणावळ्याचें आकाश दिसणें कठीणच. पण २१ सप्टेंबर २०२५ रोजीं शनि सूर्याच्या बरोबर समोर आला होता, आणि हा योग दर वर्षीं बारा-तेरा दिवसांनीं पुढें सरकतो. म्हणजे येतीं कांहीं वर्षें तरी पावसाळा सरला कीं शनि संध्याकाळच्या आकाशांत हजर. दुर्बीण तीन इंची असली आणि तिनें तीस-चाळीसपट मोठें दिसत असलें तरी वलय स्पष्ट दिसतें. तीहि घरीं नसली तर पुण्यास १९४४ सालीं स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था लोकांस आकाश दाखवीत आलेली आहे. द्रुतगतिमार्गाचे दिवे, तळेगांवच्या कारखान्यांचा उजेड आणि पवनेच्या कांठच्या तंबूंतील झगमगाट यांनीं मावळचें आकाश पूर्वीपेक्षां फिकें झालें आहे, हें खरें. राजमाचीच्या किंवा लोहगडाच्या बाजूस मात्र अजून काळोख सांपडतो. आणि शनीला तर गच्चीहि पुरते, कारण तो शहराच्या उजेडासहि दाद देत नाहीं.

वलय आतां पुन्हां वर्षागणिक उघडत जाणार आहे. २०३२ सालीं तें सर्वांत अधिक उघडलेलें दिसेल, आणि गंमत अशी कीं, पंचांगाप्रमाणें मेष राशीची साडेसाती सुटण्याचें सालहि तेंच. ज्यांच्या घरीं आज मेषेचीं माणसें आहेत त्यांनीं हीं सात वर्षें दिवस मोजण्यांत घालवूं नयेत. दर दिवाळीनंतर एका शनिवारीं देवळांतून आल्यावर घरांतल्या लहानथोरांनीं गच्चीवर जावें, वलय गेल्या वर्षाहून किती उघडलें हें पाहावें, आणि पोरांनीं तें वहींत काढून ठेवावें. साडेसाती संपेल तेव्हां घरांत सात चित्रें जमलेलीं असतील. पंचांग ज्यांनीं प्रथम केलें त्यांनीं तरी याहून निराळें काय केलें होतें?